नव्या गाडीचं पहिलं ऑइल घरीच काढलं, त्याच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, दसरा. मीटर २३ किमी

गाडी आली एकदाची. पोळ्याच्या वेळीच घ्यायची होती पण १५ ऑगस्टला कर कमी होणार असं ऐकलं म्हणून थांबलो, २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला आणि मग दसरा गाठला. १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर. कंपनी कोणती ते लिहीत नाही कारण पुढं जे काही सांडलंवांडलं ते माझ्या हातानं, गाडीचा काही दोष नाही.

आमचं गाव देवळी तालुक्यात, वर्धा जिल्हा. घरी ट्रॅक्टर आहे, त्याचं ऑइल-फिल्टर मी स्वतःच बदलतो, त्यामुळे हात काळे करायची सवय आहे. कार मात्र पहिलीच. नोंदी यासाठी ठेवून राहिलो की पहिलं ऑइल कधी काढायचं हे मी पाच जणांना विचारलं तर सहा उत्तरं मिळाली.

रात्री मॅन्युअल वाचलं. ऑइल १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. खाली बारीक अक्षरात: धुळीचे रस्ते, वारंवार छोट्या फेऱ्या, जास्त वेळ उभी गाडी चालू ठेवणे असं असेल तर ५,००० ला. ग्रेड, म्हणजे तेल किती पातळ-जाड त्याचा आकडा, झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी (0W-20, एकदम पातळ), फिल्टरसकट ३.१ लिटर. पहिल्या हजार किलोमीटरात एकाच स्पीडवर जास्त वेळ चालवू नका, इंजिन फार ताणू नका. पहिल्या हजारला ऑइल बदला असं कुठंच नाही, तीनदा पाहिलं.

९ ऑक्टोबर. मीटर १९० किमी

काकांशी वाद. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकता टाकता विषय निघाला.

"ट्रॅक्टरचं तेल किती तासाले बदलवलं होतं आपण पहिल्यांदा?"

"पन्नास."

"मंग? त्याच्यात लोखंड आहे अन् ह्याच्यात काय साबुदाणा आहे काय? पन्नास तास म्हणजे तुह्या कारचे दीड-दोन हजार किलोमीटर. दहा हजारपर्यंत काऊन थांबायचं?"

हिशोब काही चुकीचा नाही बरं. आमच्या रस्त्यावर सरासरी ३५ ची स्पीड धरली तर ५० तासांत १,७५० किमी. ट्रॅक्टरचं ५० तासांचं ऑइल काढलं होतं तेव्हा त्यात चांदीची भुकटी कालवल्यासारखं दिसत होतं, ते मलाही आठवते.

गावातल्या बाईकवाल्याचं म्हणणं, मोटरसायकलचं तर ५०० ते ७५० लाच काढतात. तेही खरं, पण बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच तेलात बुडालेले, गिअरचे दाते घासले की सगळा चुरा त्याच तेलात, आणि आपल्याकडच्या कित्येक १०० सीसी गाड्यांना कागदी फिल्टरच नसतो, नुसती जाळी आणि गरगर फिरून कचरा बाजूला टाकणारी वाटी. कारमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं आणि इंजिनला कागदी फिल्टर. म्हणून बाईकचा नियम कारला लावता येत नाही. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "शिकून लय शहाणा झाला तू."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. मीटर ६७० किमी

बहिणीकडे नागपूरला. येळाकेळीवरून समृद्धीवर चढलो आणि शिवमडक्याला उतरलो. इथं एक चूक केली, लिहून ठेवतो. समृद्धीवर गाडी १०० वर लावली की पाय हलवायची गरजच नाही, आणि रनिंग-इनमध्ये, म्हणजे नव्या इंजिनाच्या पहिल्या हजार किलोमीटरात, नेमकं तेच करायचं नसते. इंजिनवर कमी-जास्त, कमी-जास्त भार पडला तर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसतात. अर्ध्या रस्त्यात आठवलं, मग ८०, ९५, ७० असं करत गेलो, मागचे हॉर्न मारून राहिले होते. येताना सरळ सेलूच्या जुन्या रस्त्यानं आलो, स्पीडब्रेकर आणि बंड्या असल्या की रनिंग-इन आपोआप होते.

३ नोव्हेंबर. मीटर १,०१२ किमी

पहिली फ्री सर्व्हिस, वर्धा. ऑइल बदलत नाहीत. लेव्हल पाहिली, नटबोल्ट पाहिले, काचेचं पाणी भरलं, गाडी धुतली, झालं. मी म्हटलं भाऊ, ऑइल बदलून द्या, पैसे देतो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर पहिलं ऑइल स्पेशल असते, ते काढू नका, वॉरंटीचा प्रॉब्लेम होईल."

आता यात दोन गोष्टी आहेत. पहिली, "स्पेशल" अगदीच थाप नाही. इंजिन जोडताना आत लावलेला लेप, त्यात मोलिब्डेनम असते, तो पहिल्या तेलात उतरतो, आणि होंडासारख्या कंपन्या तर उलट सांगतात की कारखान्यातलं तेल लवकर काढू नका. दुसऱ्या बाजूला बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किमीला रनिंग-इन सर्व्हिस असते आणि तेव्हा इंजिन ऑइल काढतातच. म्हणजे मोठ्या मोठ्या कंपन्यांतच एकमत नाही तर मी आणि काका कोण.

दुसरी गोष्ट वॉरंटीची. माझं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. ठरल्या वेळी सर्व्हिस चुकवू नका, ठरला ग्रेड वापरा, एवढंच आहे. मधात जास्तीचं ऑइल बदललं तर वॉरंटी जाते असं माझ्या पुस्तकात तरी नाही. तुमचं तुम्ही वाचा. बिलं सांभाळून ठेवायची, कॅनच्या मागच्या बॅच नंबरचा फोटो काढायचा.

८ नोव्हेंबर. मीटर १,२३० किमी

ठरवलं. दीड हजाराच्या आसपास काढायचं. कारण काकांचं लोखंड नाही, माझा रस्ता. घरून वावर २ किमी पांदण रस्ता, तिथून देवळी, परत घर. दिवसातून चारदा इंजिन थंड असताना चालू करतो आणि गरम व्हायच्या आत बंद करतो. मॅन्युअलच्या बारीक अक्षरातला माणूस मीच आहे. मग पुढं ५,००० नं बदलायचं असेल तर सुरुवात जरा लवकर केली तर बिघडलं काय, आणि खरं सांगायचं तर आत काय निघते ते पाहायची खाज होतीच.

सामान:
ऑइल झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी, ३.५ लिटरचा कॅन, १,९२० रुपये (वर्ध्याहून)
फिल्टर, कंपनीचा, १४० रुपये
ड्रेन प्लगचा (तेल काढायच्या खालच्या बोल्टचा) वॉशर २ नग, ४० रुपये

देवळीत २०-४० मिळते, १५-४० मिळते, १०-३० मिळते, पण झिरो-डब्ल्यू काही नाही. दुकानदार म्हणाला, "एवढं पातळ तेल आपल्या उन्हात टिकत नाही भाऊ, २०-४० घेऊन जा." उन्हाळ्यात आमच्याकडे ४५-४६ जाते हे खरं, पण इंजिनच्या आत तेल तसंही शंभरच्या आसपास असते, बाहेर ३० असो की ४५. आणि या इंजिनांतल्या तेलाच्या वाटा, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, सगळं पातळ तेलाच्या हिशोबानं बनवलेलं. काकांनी ट्रॅक्टरच्या बकेटीत उरलेलं १५-४० देऊ केलं, हात जोडले.

१६ नोव्हेंबर, रविवार. मीटर १,५४० किमी

सकाळी ८ ला सुरू केलं. म्हटलं दहाला उरकून हरभऱ्याला पाणी द्यायला जाईन. पाणी रात्री दिलं.

गाडी वर घ्यायला ट्रॅक्टर धुवायचा सिमेंटचा उतार आहे, दोन पट्ट्या आणि मधात मोकळं. ट्रॅक्टरला ठीक, कारचा बंपर खाली. पहिल्याच फटक्यात खर्रर्र. बंपरच्या खालच्या कडेला वीतभर ओरखडा, दीड महिन्याच्या गाडीला. मग बंडीच्या जुन्या फळ्या टाकून चढ लांब केला आणि चढवली. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या दोन्ही चाकांना दगड. जॅकवर उभी करून खाली झोपू नका, हे मात्र मनापासून सांगतो.

इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून बंद केलं. तेल कोमट असलं की कचरा घेऊन निघते, फार गरम असलं की हात घेऊन निघते.

खालचं प्लास्टिकचं कव्हर: तीन १० नंबरचे बोल्ट, चार क्लिपा. दोन क्लिपा तोडल्या. क्लिपची मधली टिकली आधी वर उचलायची असते हे तिसऱ्या क्लिपच्या वेळी समजलं.

ड्रेन प्लग १७ नंबरचा. कारखान्यात बसवलेला, हलेना. मी फिक्स पाना लावून वरून लाकडी थापी मारली, पाना घसरला आणि प्लगचे दोन कोपरे गोल. तिथंच थांबलो हे माझं नशीब. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून सहा कोनी गोटी पाना आणला, बारा कोनी नाही, सहा कोनीच, तो बोल्टच्या सपाट बाजूंना धरते, कोपऱ्यांना नाही. लांब दांडा लावून एका झटक्यात सुटला. येण्या-जाण्यात, गप्पांत पाऊण तास.

तेल घमेल्यात घेतलं. घमेल्याच्या तळाशी आधीच जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक ठेवलं होतं. काळं नाही निघालं, मधासारखं पण मळकट. उन्हात तिरपं पाहिलं तर त्यात बारीक चमकी फिरत होती, रांगोळीत टाकतात तशी. काका खाट टाकून बसलेच होते. "पाह्य. म्हटलं होतं न मी." त्यांचा दिवस तिथंच सुफळ संपूर्ण झाला.

अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीत भरून वर तारीख आणि किमी लिहिले. ही बाटली पुढं लागेल.

आता फिल्टर. इथंच खरी कथा आहे.

कारखान्यातला फिल्टर हातानं सुटत नाही. पहिले ट्रॅक्टरचा जुना फॅनबेल्ट गुंडाळून ओढला, तेलकट होता, घसरला. मग वर पॉलिश पेपर गुंडाळून हातानं पाहिलं, थोडा हलल्यासारखा वाटला (नंतर समजलं हलला नव्हता, माझा हात फिरला). मग सगळे करतात ते केलं, स्क्रू ड्रायव्हर हातोडीनं आरपार घातला आणि फिरवला. पत्रा फाटत गेला, फिल्टर तिथंच. हातावर, बाहीवर, कानात तेल. शेवटी पाईप पाना अगदी बुडाशी, जिथं पत्रा जाड असते तिथं लावला आणि चावला बरोबर, सुटला. आधीच बुडाशी लावला असता तर तासभर वाचला असता.

फाटका फिल्टर हातात आला त्या आनंदात मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं की त्याच्या तोंडाची रबरी रिंग त्याच्यासोबत आलेली नाही. ती इंजिनलाच चिकटून राहिली. काळी रिंग, खाली सावली, वर तेल. मी फडकं मारलं, ते पण नुसतं कडेकडेनं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं नवं तेल लावलं, हातानं फिरवला, रबर टेकल्यावर पाऊण फेरा. सगळं पुस्तकाप्रमाणं. फक्त रबरावर रबर.

प्लगला नवा वॉशर, आणि घट्ट किती करायचा यासाठी एक जुगाड केला जो मला आवडला. माझ्या प्लगला ३५ न्यूटन-मीटर पाहिजे. टॉर्कचा पाना (पिळायची ताकद दाखवणारा) आपल्याकडे नाही, पण वेचणीचा कापूस ज्यावर मोजतो तो लटकवायचा डिजिटल काटा आहे. प्लगच्या मधापासून ३० सेंटिमीटरवर पान्याला काट्याचा आकडा अडकवला आणि पान्याला काटकोनात ओढला, १२ किलो दाखवलं की बस. (३५ भागिले ०.३ म्हणजे ११७ न्यूटन, ते भागिले ९.८१ म्हणजे साधारण १२ किलो.) तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकते, तो पाहून घ्या. १२ किलो म्हणजे हाताला फारच कमी वाटते. मी नेहमीच्या अंदाजानं किती देतो ते नंतर पाहिलं, २३ किलो. म्हणजे इतकी वर्षं ट्रॅक्टरचे प्लग मी डबल घट्ट करून राहिलो होतो.

कॅनमधून मोजून ३.१ लिटर टाकलं. भाचा चावीवर, मी खाली वाकून. चालू कर म्हटलं. दोन सेकंद काहीच नाही, मी मनात म्हटलं झालं बा, आणि फिल्टरच्या बाजूनं सर्रकन धार. "बंद कर, बंद कर!" भाच्यानं पहिले एसी बंद केला.

किती गेलं? घमेलं तोवर मी बाजूला ठेवलं होतं त्यामुळे मोजता नाही आलं, सिमेंटवर पसरलं. अर्धा ते पाऊण लिटर असेल. तीन-चारशे रुपये जमिनीवर. वर सोयाबीनचं कुटार टाकलं, तेल छान शोषते, पण गाय तिथं तोंड घालायला आली आणि काकांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. कुटार पोत्यात भरून वेगळं ठेवलं.

फिल्टर परत काढला (आता हातानं निघाला), दोन रबर दिसले, जुनं नखानं सोलून काढलं, बसायची जागा पांढऱ्या कपड्यानं पुसली, कपडा मुद्दाम पांढरा. परत बसवला. उरलेलं ४०० मिली टाकलं. डिपस्टिकवर (तेलाचं माप पाहायच्या पट्टीवर) तेल खालच्या खुणेलाही टेकेना. कॅन रिकामा, देवळीत माल नाही, वर्ध्याचं दुकान रविवारी बंद. गाडी उतारावरच झोपली. संध्याकाळचे ५ वाजले होते.

१७ नोव्हेंबर. मीटर तेच

बाईकनं वर्धा. एक लिटरचा डबा ६६० रुपये, क्लिपा २ नग ३० रुपये, पेट्रोल १५० चं.

येऊन गाडी उतारावर असतानाच अर्धा लिटर टाकलं, डिपस्टिक पाहिली, तरी कमी. आणखी टाकलं. तरी कमीच वाटते. राहिलेलं सगळं टाकलं. चालू केली, एक मिनिट, गळती नाही, ऑइलचा दिवा विझला. खूश होऊन खाली सपाटीवर घेतली, दहा मिनिटं थांबलो, डिपस्टिक ओढली तर वरच्या खुणेच्या बोटभर वर.

गाडीचं नाक वर असताना तेल मागे जाते आणि माझ्या इंजिनात डिपस्टिक समोर आहे. उतारावर पाहिलेलं माप म्हणजे काहीच नाही. हे मला ट्रॅक्टरवर माहीत आहे, वावरात तिरपा उभा असला तर आपण माप घेतो काय? पण काल दिवसभराचा राग होता, डोकं ठिकाणावर नव्हतं.

जास्त तेल म्हणजे चांगलंच, असं काकांचं मत. तसं नाही. क्रँक (पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा) फिरताना तेलात बुडायला लागला की ताक घुसळल्यासारखा फेस होते आणि पंप तेलाऐवजी फेस ओढते. काढणं भाग होतं. पुन्हा प्लग खोलायचा तर पुन्हा वॉशर, पुन्हा उतार, पुन्हा बंपर.

१८ नोव्हेंबर

उपाय गोठ्यात सापडला. गुरांच्या डॉक्टरनं सोडलेली मोठी सिरिंज, ५० मिलीची, आणि सलाईनची नळी, दोन्ही नव्या (वापरलेली घेऊ नका). इंजिन जरा कोमट करून डिपस्टिकच्या भोकातून नळी खाली टेकेपर्यंत घातली आणि ओढत बसलो. नऊ वेळा ओढलं, ४५० मिली निघालं, दर दोन-तीनदा थांबून सपाटीवर माप. वरच्या खुणेच्या किंचित खाली आणून सोडलं. पाऊण तास. घरची म्हणाली, गाडीले सलाईन लावणारा तूच पहिला.

निघालेलं तेल नवंच होतं, स्वच्छ बाटलीत भरून ठेवलं, टॉप-अपला.

२३ नोव्हेंबर, रविवार. मीटर १,७१० किमी

जुना फिल्टर कापून पाहिला. हॅक्सॉनं. आत कागदाच्या घड्यांत भरपूर चमक, मी फोटो काढले, भाच्याला दाखवले, काकांना बोलावणार तेवढ्यात लक्षात आलं की ही चमक चमचम करते आणि टोकदार आहे, ही तर माझ्याच ब्लेडची आणि पत्र्याची भुकटी. सगळा पुरावा मीच बिघडवला. फिल्टर कापायचा तर चाकाचं पाईप कटर लागते, जे दाबत दाबत कापते आणि चुरा पाडत नाही. पुढच्या वेळी नळफिटिंगवाल्याकडून आणीन.

चुंबकाचं मात्र खरं धरता येते. त्यावर राखाडी रंगाचं, डोळ्यात घालायच्या काजळाएवढं मऊ लोणी. चिमटीत घेतलं तर कण लागत नाही. म्हणजे लोखंडाची अगदी बारीक झीज, जी नव्या इंजिनात होणारच, सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम ठेवलेले बारीक चरे रिंगा घासून बसवतात त्याची. टोचणारा तुकडा किंवा पापुद्रा निघाला असता तर काळजी. अॅल्युमिनियम आणि बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा चुंबक स्वच्छ म्हणजे सगळं स्वच्छ असं धरू नका.

चमकी फिल्टरमधून सुटली कशी? साधा कागदी फिल्टर साधारण २०-३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचं नीट पकडते. माणसाचा केस ७० च्या आसपास. त्याच्या खालचं तेलात फिरत राहते, आणि तेच उन्हात दिसते.

एअर फिल्टरपण सहज उघडला. बघा, ज्याच्यासाठी मी ऑइलवर एवढा खर्च केला ती धूळ इथं बसली होती. वरच्या बाजूनं सोयाबीन काढणीचा भुसा आणि कापसाचे तंतू, एका घडीत मेलेला टोळ. १,७०० किमीत. उलटा करून झटकला, हवा मारली नाही, जोरात हवा मारली की कागद फाटते. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. धुळीच्या रस्त्यावर राहत असाल तर ऑइलच्या आधी हे उघडा, मी उलटं केलं.

७ डिसेंबर. मीटर २,१९० किमी

गळती नाही. फिल्टरच्या बुडाशी पांढरा कपडा फिरवला, कोरडा. प्लगला एक थेंब ओल वाटली, पुसून दोन दिवसांनी पाहिलं तर कोरडं, त्या दिवशीचंच सांडलेलं कव्हरवरून उतरत होतं. लेव्हल हलली नाही. मायलेजमध्ये काही फरक? नाही. आवाजात? नाही. ज्यांना ऑइल बदलल्यावर गाडी "मक्खन" झाल्यासारखी वाटते त्यांना वाटो.

जुन्या तेलाचं: साधारण तीन लिटर. नाल्यात, विहिरीजवळ, उकिरड्यावर ओतायचं नाही, थोडंसं तेल भरपूर पाणी नासवते. एक वाटी काकांनी बंडीच्या आसाला वंगण म्हणून घेतली, बाकी कॅनमध्ये भरून वर्ध्याच्या गॅरेजवाल्याकडे दिलं, तो जुनं तेल नेणाऱ्याला देते. तेलकट कुटाराचं पोतंही त्यालाच विचारून दिलं, कुरकुर केली पण घेतलं.

२२ फेब्रुवारी २०२६, रविवार. मीटर ४,८६० किमी

मधात नोंद नाही कारण कापूस आणि मग तूर. कारनं या काळात वावर-घर-देवळी हेच केलं, दोनदा नागपूर.

आज ऑइल बदललं नाही, नुसता नमुना घेतला. तीच सिरिंज, तीच नळी, १५० मिली. नोव्हेंबरच्या बाटलीशेजारी ठेवून उन्हात पाहिलं. रंग या नव्या तेलाचा जास्त गडद, एकदम चहासारखा. चमकी नाही. हलवलं, तिरपं केलं, मोबाईलचा टॉर्च मारला, नाही. म्हणजे ३,३२० किमी चाललेलं तेल काळं पण आत धातू दिसत नाही, आणि १,५४० किमी चाललेलं उजळ पण चमकीनं भरलेलं. रंगावरून तेल खराब म्हणणाऱ्या सगळ्यांना या दोन बाटल्या दाखवायच्या आहेत. सुरुवातीची झीज सुरुवातीलाच झाली आणि ती माझ्या पहिल्या तेलासोबत बाहेर गेली, एवढं दिसते. पण तीच चमकी दहा हजारपर्यंत आत राहिली असती तर इंजिनाचं काही बिघडलं असतं काय? याच मॉडेलची गाडी माझ्या साळ्याकडे आहे, पहिलं तेल दहा हजारलाच काढलं, आज साठ हजारच्या वर आहे आणि माझ्यापेक्षा चांगली चालते.

एकूण खर्च: तेल २,५८०, फिल्टर १४०, वॉशर ४०, क्लिपा ३०, बाईकचं पेट्रोल १५०. म्हणजे २,९४०. त्यातले ८१० निव्वळ त्या एका रबराच्या रिंगचे, आणि बंपरचा ओरखडा वेगळा, तो अजून तसाच आहे. वेळ एक पूर्ण रविवार आणि दोन अर्धे दिवस. परत करायचं असेल तर आता दीड तासात होईल.

पुढचं ऑइल ६,५०० ला, म्हणजे मृगाच्या आधी. पाईप कटर सांगून ठेवला आहे.

दोन्ही बाटल्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये फळीवर ठेवल्या. संध्याकाळी काका तिथं गेले, दोन्ही उचलून पाहिल्या, काळी बाटली दाखवून म्हणाले, "हे तं खराब झालं, बदलवून टाक."